आधी कान दाखवा, मग कमांडोचं बोलू

ताई, पत्र तुमच्या लेकीनं लिहून दिलेलं दिसतं. तुमच्या तोंडचे शब्द तिनं तसेच ठेवले, हे फार चांगलं केलं. इतर वाचकांना कळावं म्हणून पत्रातला मुख्य भाग इथं देतो. त्यातले मार्कोस म्हणजे आपल्या नौदलाचे खास कमांडो.

‘भाऊ, आम्ही पवनी तालुक्यातले. मालक सोसायटीच्या तलावात मासे धरतात, दीड एकर धानाची बांधी हाय. मोठा पोरगा अठरा वर्षांचा, बारावी सायन्स झाला, अठ्ठावन टक्के. मोबाइलवर मार्कोस कमांडोचे व्हिडिओ पाहून पाहून त्याले तेच व्हायचं हाय. तशीच दाढी ठेवली. पहाटे पाठीवर रेतीचं पोतं बांधून धावते. मागच्या आठवड्यात लहान भावाकडून आपले हातपाय दोरीनं बांधून घेतले अन् तलावात उडी मारली. लहाना रडत घरी आला म्हणून मले समजलं. तालुक्याचा एक अकादमीवाला म्हणते, मार्कोसची स्पेशल बॅच हाय, पंच्याऐंशी हजार भरा, ओरिजनल मार्कशीट जमा करा, सिलेक्शनची हमी माही. मालक म्हणतात कमांडो म्हणजे पोराले मराले पाठवणं. पोरगा म्हणते पैसे नाई देले तर घर सोडून जातो. धानाचा चुकारा आताच आला, तेवढेच पैसे हायेत. मी का करू? त्याचा एक कान पण मधून मधून वाहते.’

ताई, पैशाचं आणि भरतीचं थोडं थांबू. मी तुमच्या पत्रात त्या दोरीच्या ओळीवर थांबलो आणि बराच वेळ पुढं वाचलंच नाही. हे उत्तर हाती येईल त्या दिवशी मुलाला समोर बसवा आणि पुढचा भाग लेकीकडून मोठ्यानं वाचून घ्या. हा त्याच्यासाठी आहे.

बाळा, तू जे केलंस ते तू मनानं काढलेलं नाहीस, हे मला माहीत आहे. हातपाय बांधून पाण्यात राहण्याचा सराव खरोखर असतो, अनेक देशांच्या नौदल कमांडोंना तो करावा लागतो. पण व्हिडिओत काय दिसत नाही ते ऐक. ते पाणी स्विमिंग पूलचं असतं. तळाची फरशी वरून दिसते. पाण्याच्या आत, हाताच्या अंतरावर, एक डायव्हर फक्त त्या एका माणसाच्या डोळ्यांकडं बघत असतो. काठावर डॉक्टर आणि ऑक्सिजनचं नळकांडं असतं. तुझ्या तलावात काय होतं? गढूळ पाणी, कंबरभर गाळ, शिंगाड्याच्या वेली, काठाला माजलेली बेशरमाची झुडपं, आणि कुणाचं तरी तुटून राहिलेलं नायलॉनचं जाळं. काठावर दहा वर्षांचा भाऊ. तुझा पाय जाळ्यात अडकला असता तर त्या लेकरानं काय केलं असतं? तुझ्यामागं उडी मारली असती. तुझ्या बापानं त्या तलावातून आजवर मासेच काढले नसतील, बुडालेली माणसंही काढली असतील. त्यांना एकदा विचारून पाहा.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे, कारण ती चांगल्या पोहणाऱ्यालाच मारते. तू पाण्याखाली श्वास किती वेळ धरता येतो ते मोजत असशील. सगळीच पोरं मोजतात. बुडी मारण्याआधी भराभर दहा-वीस श्वास घेतले की जास्त वेळ टिकता येतं, असं कुणी तरी सांगतं, आणि खरंच टिकता येतं. का, ते समजून घे. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे. अंगात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून छाती उसळते. भराभर श्वास सोडून तू तो कार्बन डायऑक्साइड आधीच बाहेर टाकतोस. मग ऑक्सिजन संपत येतो, पण छाती इशाराच देत नाही. दिवा विझावा तशी शुद्ध जाते. धडपड नाही, हाक नाही, बुडबुडे नाहीत. काठावरच्याला वाटतं गडी अजून रेकॉर्ड करतोय. शिकलेले, तयार झालेले डायव्हर असे गेलेत. म्हणून नौदलात कुणी एकट्यानं बुडी मारत नाही. जोडीदार असतोच. एवढा एक नियम आजपासून पाळ. दोरी नाही, श्वास मोजणं नाही, आणि तलावात एकट्यानं जाणं नाही. पोहायचं तर बापाच्या डोंग्याशेजारी पोह.

रेतीचं पोतंही सोड. डांबरी रस्त्यावर पाठीला ओझं बांधून पळालं की नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर पडते. आधी नुसतं दुखतं, पोरं बाम चोळून पळत राहतात आणि नेमकी भरतीच्या महिन्यात लंगडतात. मी माझ्या गावच्या पोरांना पहाटे पळवतो, तीन हंगामांत अशी चार पोरं घरी बसलेली पाहिली.

आता ताई, तुमच्याशी.

मी पंधरा वर्षं नौदलात नाविक होतो. मार्कोस नव्हतो, हे आधीच सांगतो. पण आमच्या जहाजावर त्यांची एक तुकडी काही आठवडे राहिली होती. आम्ही सगळे चोरून त्यांच्याकडं बघायचो. व्हिडिओत दिसतो तसला धिप्पाड त्यांच्यात एखादाच. एक तर इतका किरकोळ होता की आमच्या गावच्या रोवणीच्या टोळीत त्याला कुणी पेंढ्या उचलायला घेतला नसता. बोलणं कमी. जेवण झालं की मिळेल त्या कोपऱ्यात, लोखंडावरच, पाच मिनिटांत झोपायचे आणि कुणी नुसतं नाव घेतलं की ताडकन उठून बसायचे. दिवसातले तास न् तास ते फक्त सामान पुसत, तपासत असायचे. बंदुकीचा एकेक भाग, श्वासाच्या संचाची एकेक नळी. त्या संचातून बुडबुडे बाहेर येत नाहीत, सोडलेला श्वास आतल्या आत शुद्ध होऊन पुन्हा वापरला जातो, म्हणून पाण्यावरून पाहणाऱ्याला खाली माणूस आहे हे कळत नाही. नळी नीट बसली नाही तर माणूस परत येत नाही. तेच काम ते रोज, कुणी पाहत नसताना, तसंच करत. मला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो तो त्या पुसण्यामुळं.

आता अकादमीचं. ताई, मार्कोसची भरती नसते. पोलिसांची असते, लष्कराची असते, नौदलाची असते. मार्कोसची बाहेरून, गावातून, थेट अशी भरती नाही. आधी नौदलात नाविक किंवा अधिकारी म्हणून जायचं, तिथलं शिक्षण पुरं करायचं, मग ज्याला वाटेल त्यानं स्वतःहून नाव द्यायचं. नाव दिलेल्यांची आधी तीन दिवसांची चाचणी होते, त्यातच बरेच गळतात. उरलेल्यांतलेही बरेच पुढच्या आठवड्यांत गळतात. त्यामुळं ‘मार्कोसची स्पेशल बॅच’ आणि ‘सिलेक्शनची हमी’ हे दोन्ही शब्द ज्याच्या तोंडून एकत्र निघाले, त्याला एकतर काही माहीत नाही किंवा सगळं माहीत आहे. दोन्ही बाबतीत तुमचा चुकारा त्याच्या खिशात जायला नको. नौदलाच्या परीक्षेचा अर्ज किती रुपयांत भरता येतो? साडेपाचशे रुपये आणि त्यावरचा जीएसटी. तो सरकारी संकेतस्थळावर, तुमच्या गावातल्या ऑनलाइन सेंटरवरून भरला जातो. तुमची रक्कम बँकेत राहू द्या.

आणि मूळ मार्कशीट कुणाकडंही जमा करायची नाही. झेरॉक्स द्या, दाखवून परत घ्या. ज्या कागदावर पोराचं पुढचं आयुष्य आहे तो दुसऱ्याच्या कपाटात गेला की मग ‘उरलेले पैसे भरा, तेव्हा घेऊन जा’ सुरू होतं. माझ्याकडं येणाऱ्या एका मुलाचं हेच झालं. भरतीच्या कागदपत्र तपासणीच्या आदल्या रात्री त्याचा बाप व्याजानं पैसे आणून मार्कशीट सोडवत होता. सगळ्याच अकादम्या अशा नाहीत, चांगलं मैदान आणि मेहनती मास्तर असलेल्याही आहेत. पण हमी देणाऱ्याच्या दारातून मागं फिरा.

तुमच्या मालकांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. त्यांना नीट उत्तर द्यायला हवं, म्हणून हे पथक काय करतं ते सांगतो.

फेब्रुवारी १९८७ मध्ये नौदलानं समुद्रावरच्या खास कामगिऱ्यांसाठी ही तुकडी उभी केली. आठच महिन्यांनी, श्रीलंकेत आपली शांतिसेना होती तेव्हा, यांनी जाफन्याच्या गुरुनगर धक्क्यापर्यंत पोहत जाऊन स्फोटकं लावली. पुढं नाव बदललं, ‘मरीन कमांडो’वरून लोकांच्या तोंडी मार्कोस बसलं. मुंबईतलं आयएनएस अभिमन्यू हे त्यांचं जुनं ठाणं. पाण्याखालचं शिक्षण कोचीला, पॅराशूटच्या उड्या आग्ऱ्याला. समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत, मालाची जहाजं आहेत, बंदरं आहेत. तिथं अतिरेकी शिरला तर पोलिसांची गाडी जाऊ शकत नाही. चालत्या जहाजावर रात्री रबरी होडीतून शिडी लावून चढायचं किंवा हेलिकॉप्टरमधून दोरानं उतरायचं, आत अरुंद लोखंडी बोळ, जिथं चुकलेली गोळी भिंतीवर आपटून आपल्यावरच येते, आणि त्यात आपली माणसं कोण व दुश्मन कोण हे क्षणात ओळखायचं. हे त्यांचं काम.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत ताज हॉटेलात दिल्लीहून एनएसजीचे कमांडो येण्याआधी हेच शिरले होते. त्यातले प्रवीण तेवतिया हे समुद्रापासून शेकडो कोस दूर, उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरकडच्या गावचे. अंधाऱ्या खोलीत त्यांना गोळ्या लागल्या, फुफ्फुसाला इजा झाली, ऐकण्यावरही परिणाम झाला. शौर्यचक्र मिळालं. पुढं ते मॅरेथॉन धावले. समुद्र न पाहिलेल्या गावचा पोरगा तिथवर जाऊ शकतो का, असं तुमच्या मुलाला वाटत असेल तर हे उदाहरण त्याला सांगा. आणि तुमच्या मालकांना हेही कळू द्या की त्यात गोळ्या लागतात. लढाईत लागतात, आणि सरावातही जीव गेल्याच्या घटना झाल्या आहेत. ‘काही होत नाही हो’ असं मी त्यांना सांगणार नाही. ते खोटं होईल.

पण त्यांनी दुसरी बाजूही ऐकावी. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्याजवळ लीला नॉरफोक नावाच्या मालवाहू जहाजावर चाचे चढले. जहाजावर २१ माणसं, त्यांतली १५ भारतीय. ती आतल्या एका भक्कम खोलीत दार लावून बसली. आपली युद्धनौका आयएनएस चेन्नई पोचली, मार्कोस चढले, एकेक मजला तपासत गेले, आणि सगळेच्या सगळे सुखरूप बाहेर आले. ती पंधरा पोरंही कुठल्या तरी गावचीच ना? त्यांच्याही आया फोनकडं बघत बसल्या असतील. त्याच वर्षी मार्चमध्ये रुएन नावाचं पळवलेलं जहाज सोडवलं. भारतापासून सुमारे २६०० किलोमीटरवर, आयएनएस कोलकातानं सुमारे चाळीस तास त्या जहाजाला रोखून धरलं आणि विमानातून मार्कोसना होड्यांसह समुद्रात उतरवलं. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले, कुणाला जखम नाही. ज्या कामगिरीत एकही माणूस मरत नाही ती या लोकांच्या लेखी सर्वांत चांगली कामगिरी. मारण्या-मरण्याच्या व्हिडिओत हे दिसत नाही, म्हणून मुलालाही सांगतोय.

आणि ताई, एक गोष्ट खास तुमच्या घरासाठी. काश्मीरमध्ये वुलर नावाचं भलंमोठं गोड्या पाण्याचं तळं आहे. समुद्र कुठल्या कुठं. पण अतिरेकी त्या पाण्यातून ये-जा करायचे म्हणून १९९० च्या दशकापासून तिथं मार्कोस राहतात. तिथली माणसं त्यांना ‘दाढीवाली फौज’ म्हणतात असं सांगतात. तळ्यात गवत माजतं, धुकं पडतं, डोंग्यातून फिरणारा कोळी कोण आणि दुसराच कोण हे लांबून ओळखावं लागतं. तुमचा मुलगा लहानपणापासून पाण्यावरच्या हालचाली वाचत आलाय. कुठं मरळ उसळली, कुठं नुसता वारा, हे त्याला काठावरून कळतं. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या तलावांनी त्याला जे दिलंय ते मुंबईच्या पूलमध्ये शिकलेल्या पोराकडं नसतं. मांडीभर चिखलातून ओझं घेऊन सरपटत जाणं हा मार्कोसच्या निवडीतला एक नावाजलेला टप्पा आहे. ज्यानं आषाढात चिखलणी केलीय, दिवसभर वाकून रोवणी केलीय, त्याला चिखलाची किळस तरी वाटणार नाही.

पण चिखलानं कुणी परत जात नाही. माझ्या बॅचचा एक मित्र, चंद्रपूरकडचा, आमच्यात सर्वांत तगडा. त्यानं नाव दिलं. काही आठवड्यांनी तो जहाजावर परत आला तेव्हा त्याच्या तळहाताची कातडी सोललेली होती, आणि भात खाताना त्याला चमचा धरता येत नव्हता. दोन दिवस तो झोपला. मग मी विचारलं, पाणी थंड होतं का, ओझं जड होतं का? तो म्हणाला, ‘नाही रे. झोप नाही. तिसऱ्या रात्री मला माझ्या बाजूच्याचं नाव आठवेना, आणि मला त्याचा राग यायला लागला. तेव्हा मला कळलं की आता आपण निघावं.’ परत आला म्हणून त्याला कुणी कमी लेखलं नाही. त्या पथकात स्वतःहून जायचं असतं आणि स्वतःहून परतही येता येतं. तो पुढं नौदलात उत्तम नोकरी करून निवृत्त झाला. ताई, मुलाला हे नक्की सांगा. त्याच्या डोक्यात आज दोनच गोष्टी आहेत, मार्कोस नाही तर काहीच नाही. यांच्या मध्ये अख्खं नौदल आहे.

म्हणजे तुम्हाला आज ‘कमांडो हो’ किंवा ‘होऊ नको’ असं काहीच ठरवायचं नाही. तो प्रश्न तुमच्या दारात अजून आलेलाच नाही. आलाच तर काही वर्षांनी येईल, आणि तेव्हा तो वेगळा, मोठा माणूस असेल. आज ठरवायचं ते इतकंच की त्याला नौदलाची परीक्षा देऊ द्यायची का. माझं मत, द्यावी.

कसं, ते सांगतो. आता नाविकांची भरती अग्निवीर म्हणून होते. वय साडेसतरा ते एकवीस. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं आणि एकूण ५० टक्के. त्याचे अठ्ठावन आहेत, पण गणित घेतलं होतं का ते बघा. गणित नसेल तरी दहावीवरची एक भरती असते, तीही नौदलच आहे. आधी कॉम्प्युटरवर परीक्षा, इंग्रजी, विज्ञान, गणित आणि सामान्य ज्ञान. आपली पोरं मैदानात पडत नाहीत, ती इंग्रजीत पडतात. पोतं पाठीवर घेण्याचा एक तास इंग्रजीला द्यायला सांगा, रोज. मग मैदान. १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, शिवाय उठाबशा आणि दंड. गावातून बाहेर जाणाऱ्या मुरमाच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या मीटरनं अंतर मोजून खूण करा. आठवड्यातून दोनदाच घड्याळ लावून धावायचं, बाकी दिवशी नुसतं सावकाश, लांब. उंची १५७ सेंटिमीटर लागते. पोहता येणं भरतीला सक्तीचं नाही, ते ओडिशात चिल्का तळ्याच्या काठी प्रशिक्षणात शिकवतात. मीही तिथंच शिकलो, पहिल्या दिवशी त्या खारट पाण्याचा घोट घेऊन भडाभडा ओकलो होतो.

पैशाचं स्पष्ट बोलतो, कारण तुमच्या घराला ते लागतं. योजना चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले २१ हजार हातात, बाकीचे सेवानिधीत जमा. चौथ्या वर्षी ४० हजारांपर्यंत जातो. चार वर्षांनंतर निधीची दहा लाखांच्या वरची रक्कम मिळते आणि जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढं कायम ठेवतात. म्हणजे चारांतले तीन परत येतात. हे मुलाला आजच माहीत असू द्या. परत आला तर बावीस-तेवीस वर्षांचा, हाताशी रक्कम असलेला, जग पाहिलेला पोरगा परत येईल. माझ्या वेळी पंधरा वर्षांची नोकरी मिळायची, आत्ताच्या पोरांना ते मिळत नाही याचं मला वाईट वाटतं, पण म्हणून दार बंद आहे असं नाही.

आता कान. मला वाटतं, तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिला. कान वाहतो याचा अर्थ पडद्याला भोक असू शकतं. तसं असेल तर वैद्यकीय तपासणीत तो तिथंच बाहेर पडेल, मग अकादमी असो की नसो. आणि भोक असताना खोल बुडी मारली, कानात गार पाणी शिरलं, तर पाण्याखाली चक्कर येते, वर कुठं आणि खाली कुठं हेच कळत नाही. म्हणून पहिला खर्च हा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, केस पेपरला फारसं काही लागत नाही. त्यांना स्पष्ट सांगा, नौदलाच्या भरतीला जायचंय, पडदा बघा. औषधानं बरं होईल की ऑपरेशन लागेल ते तेच सांगतील. तोवर तलावात डोकं बुडवणं बंद, आणि कानात गोडं तेल, पिळलेला लसूण, काडी काही घालायचं नाही. त्याच फेरीत डोळे आणि रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या. कितीतरी पोरांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही हे भरतीच्या दिवशीच समजतं, तोवर बापाचं कर्ज झालेलं असतं.

घर सोडून जाण्याची धमकी त्यानं दिली आहे, तिला धमकीनं उत्तर देऊ नका. चुकारा आल्यावर पोराला वाटतं, आता घरात पैसे आहेत, आता नाही तर कधीच नाही. मालकांना म्हणावं, एक दिवस त्याला डोंग्यात घेऊन जा आणि जाळं टाकून झालं की विचारा, तुला तिथं काय करायचंय? आणि मग त्याचं ऐकून घ्या, मधे बोलू नका. त्याच संध्याकाळी त्याला सांगा की अकादमीला पैसे नाहीत, पण नौदलाची जाहिरात निघेल त्या दिवशी अर्ज आपण दोघं जाऊन भरू. बापानं सोबत येऊन अर्ज भरला की पोरगा कुठं पळत नाही. दाढी राहू द्या. नौदलात दाढीला मनाई नाही, परवानगी घेऊन ठेवता येते.

शेवटी, पत्राच्या मागच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पेन्सिलनं एक ओळ होती, ‘भाऊ, मुलींले पण घेतात का?’ ती तुम्ही सांगितलेली नसावी. तर बेटा, घेतात. अग्निवीर म्हणून नौदलात नाविक मुलींची पहिली तुकडी चिल्क्यातून मार्च २०२३ मध्ये बाहेर पडली. मैदानात तेच १.६ किलोमीटर, आठ मिनिटांत. मार्कोसचं दारही महिलांना उघडणार असल्याची बातमी डिसेंबर २०२२ मध्ये पेपरांत आली होती. तुझं अक्षर सुंदर आहे आणि आईचं बोलणं तू एक शब्द न बदलता उतरवलंस, त्यावरून तू दहावीच्या आसपास असशील असं वाटतं. अकरावीला विषय निवडताना गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस, मैत्रिणी काहीही म्हणोत. भाऊ पहाटे धावायला निघेल तेव्हा तूही निघ. त्याला जोडीदार लागणारच आहे. बूट मात्र त्याचे घालू नकोस, स्वतःच्या मापाचे घे.